मेणाच्या दाराआडचे बिऱ्हाड

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



भेडाघाट पाहिलेला नाही असा जबलपूरकर विरळाच. घरी पाहुणे आले की पंचवटी घाटावरून नाव ठरते, नावाडी यमके जुळवीत संगमरवरी कड्यांची ओळख करून देऊ लागतो आणि प्रवाह अरुंद होत गेला की बोट उंचावून वर पाहायला सांगतो. पुढे झुकलेल्या कपारींच्या पोटाशी काळसर अर्धचंद्र लोंबत असतात. ती आग्या मोहोळे. प्रत्येक मोहोळ म्हणजे एकच एक उघडे पोळे, कधी कधी दीड मीटर रुंद, आणि त्यावर हजारो माश्यांचा जिवंत पडदा. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या पाहणीसाठी आलेला बॉडिंग्टन नावाचा इंग्रज अभियंता याच माश्यांच्या हल्ल्यापासून वाचण्यासाठी नर्मदेत उतरला आणि बुडाला, ही हकीकत त्या काळच्या प्रवासी पुस्तकांतून येते. शेजारच्या सिवनीच्या जंगलाला जगाच्या नकाशावर नेणाऱ्या किपलिंगनेही १८९५च्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये रानकुत्र्यांच्या टोळीचा नाश अशाच कड्यावरच्या माश्यांकडून करविला आहे.

या माश्यांची धास्ती माणसाला आहे, अस्वलाला आहे. परंतु त्यांच्याच पोळ्यात, त्यांच्याच मुलांच्या खोलीत, निर्धास्तपणे बिऱ्हाड थाटणारा एक प्राणी आहे. त्याची लांबी मिलिमीटरभरही भरत नाही. आजचे विवेचन त्याच्याविषयी आणि सातेरी माशीच्या घरी राहणाऱ्या त्याच्या एका प्रसिद्ध भाऊबंदाविषयी आहे. विषय लहान दिसतो. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगभरच्या मधपाळांची जेवढी झोप या दोघांनी उडविली, तेवढी दुसऱ्या कोणत्याही शत्रूने उडविलेली नाही.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करावा. मराठीत कोळी म्हटले की कोपऱ्यात जाळे विणणारा डोळ्यांपुढे येतो. हा तो नव्हे. शेतकरी पिकावरच्या ‘लाल कोळ्या’ला ज्या अर्थाने कोळी म्हणतो, त्या अर्थाचा हा कोळी. आठ पायांचा, पंख नसलेला, गोचिडाच्या जवळच्या नात्यातला. मधमाशीच्या वसाहतीत राहणाऱ्या अशा कोळ्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. परागकण, बुरशी, केरकचरा यांवर ते जगतात. अळीच्या घरात शिरून अळीवरच पोट भरणारे आणि तिथेच पुढची पिढी वाढविणारे थोडेच. त्यांत ‘व्हरोआ’ आणि ‘ट्रॉपिलीलॅप्स’ ही दोन कुळे महत्त्वाची. नावे परकी असली तरी दोन्ही आशियाई आहेत, आणि आपल्या मूळ यजमानांसह दोन्ही भारतात नांदतात.

व्हरोआचे पहिले वर्णन १९०४ साली ऑडेमान्स या डच शास्त्रज्ञाने केले. जावा बेटावर एडवर्ड जेकबसन यांना आशियाई मधमाशीच्या पोळ्यात हा कोळी सापडला होता. म्हणून त्याला ‘व्हरोआ जेकबसनी’ असे नाव मिळाले. त्यातला ‘व्हरो’ म्हणजे मधमाश्यांवर लिहिणारा प्राचीन रोमन पंडित. ही आशियाई मधमाशी म्हणजेच महाराष्ट्रातली सातेरी. सह्याद्रीच्या झाडांच्या ढोल्यांत, वारुळांत, दगडी भिंतींच्या पोकळीत ती एकापुढे एक अशी समांतर पोळी बांधते आणि पेटीतही राहते. भारतात सातेरीच्या अळ्यांच्या घरांत व्हरोआ आढळल्याची नोंद फडके, बिष्ट आणि सिन्हा या तिघांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. जेकबसनीच्या नावाखाली शास्त्रज्ञ एकाहून अधिक जाती एकत्र मोजत होते, हे पुढे उघड झाले. २००० साली ऑस्ट्रेलियाचे डेनिस अँडरसन आणि ट्रुमन यांनी ते दाखवून दिले आणि जगभर धुमाकूळ घालणाऱ्या जातीला ‘व्हरोआ डिस्ट्रक्टर’ असे नाव दिले. डिस्ट्रक्टर म्हणजे विध्वंसक. प्राणिशास्त्रात इतके उघड शिव्याशाप देणारे नाव क्वचितच ठेवले जाते.

आता त्या बंद खोलीत शिरायचे आहे. तिथे काय घडते हे समजल्याशिवाय या कोळ्याची शक्ती आणि मर्यादा, दोन्हीही कळत नाहीत.

मधमाशीचे बालपण मेणाच्या षटकोनी घरात जाते. राणी अंडे घालते. तीन दिवसांनी अळी बाहेर येते. दाई माश्या तिला पाच-सहा दिवस भरवितात. मग घरावर मेणाचे झाकण बसते. आत अळी कोसला विणते, तिचा कोष होतो आणि पूर्ण वाढलेली माशी झाकण कुरतडून बाहेर येते. युरोपीय जातीच्या कामकरी माशीच्या घराचे दार सुमारे बारा दिवस बंद राहते. नराच्या घराचे चौदा-पंधरा दिवस. या दोन-तीन दिवसांच्या फरकावर पुढचे सारे नाट्य उभे आहे.

व्हरोआची मादी तांबूस तपकिरी, चपटी, आडवी लंबवर्तुळाकार. लांबीपेक्षा रुंदी अधिक, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटर रुंद. खेकड्याचे अगदी लहान पिल्लू वाटावे असा तिचा घाट. दोन बाळंतपणांच्या मधल्या काळात ती मोठ्या माश्यांच्या अंगावर, पोटाच्या वळ्यांत दडून राहते आणि विशेषतः दाई माश्यांची सोबत धरते, कारण अळ्यांकडे नेणारी वाट त्यांचीच. अळीच्या अंगाच्या गंधावरून तिला योग्य वेळ कळते. घरावर झाकण बसण्यापूर्वी पंधरा-वीस तास ती माशीवरून उतरते आणि कामकरी अळीच्या घरात शिरते. नराचे घर असेल तर त्याहूनही लवकर, चाळीस-पन्नास तास आधी.

आत गेल्यावर ती लपते कुठे? अळीच्या अंगाखालून सरकत घराच्या तळाशी जाते आणि तिथल्या पातळ अन्नात बुडी मारून निपचित पडते. श्वासासाठी तिच्या शरीरावर नळीसारखे अवयव असतात. तेवढे अन्नाच्या पृष्ठभागावर धरून ती तग धरते. वरून पाहणाऱ्या दाईला काहीच दिसत नाही. दाई झाकण घालून निघून जाते. अळी उरलेले अन्न संपविते. आणि अन्नात रुतलेली पाहुणी मोकळी होते. यजमानाने ताट चाटूनपुसून स्वच्छ करावे आणि त्याखालून चोर बाहेर यावा, असाच हा प्रकार.

अळीचे रस शोषून ती अंडी घालण्याची तयारी करते. झाकण बसल्यापासून साधारण साठ ते सत्तर तासांनी पहिले अंडे येते. हे अंडे फलन न झालेले असते आणि त्यातून नर जन्मतो. त्याच्या पेशीत सात गुणसूत्रे. त्यानंतर सुमारे तीस-तीस तासांच्या अंतराने फलित अंडी येतात, त्यांतून माद्या. त्यांची गुणसूत्रे चौदा. मादीला अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत जवळजवळ सहा दिवस लागतात, नराला थोडे अधिक. हिशेब करून पाहावा. नराचे अंडे पासष्टाव्या तासाला आले, तर तो दोनशे वीस तासांच्या आसपास वयात येतो. पहिली बहीण पंचाण्णवाव्या तासाला अंड्यात आली, तर ती दोनशे पस्तीस तासांच्या सुमाराला. दुसरी दोनशे पासष्टला. तिसरी दोनशे पंचाण्णवला. पण कामकरी माशीचे दार दोनशे अठ्ठ्याऐंशी तासांनीच उघडते! तिसरीची वेळ चुकते. माशी बाहेर पडताच अर्धवट वाढलेल्या साऱ्या कोळ्या मरतात. नराच्या घरात मात्र आणखी साठ तासांची सवलत मिळते आणि तिसरी-चौथीही तरून जाते. प्रत्यक्षात काही अंडी व पिल्ले वाटेतच दगावतात, त्यामुळे कामकरी घरातून सरासरीने एक-दीड आणि नराच्या घरातून दोन-अडीच नव्या माद्या बाहेर पडतात.

वेळेचे हे गणित इतके काटेकोर असताना आईचे घरकामही तितकेच नेटके आहे. कोषाची त्वचा मऊ असली तरी पिल्लांच्या तोंडाचे अवयव तिला भोक पाडण्याइतके बळकट नसतात. म्हणून आई कोषाच्या पोटाकडच्या भागावर एक जखम करून ठेवते आणि ती भरू देत नाही. सगळे कुटुंब त्याच एका ठिकाणी पाळीपाळीने जेवते. विष्ठेसाठी भिंतीवरची दुसरी जागा ठरलेली असते. ही पांढरी रास झाकण उघडणाऱ्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि घर बाधित असल्याचा पुरावा ठरते. याच राशीपाशी नर थांबतो. बहीण वयात आली की तिथे येते आणि मीलन होते; पुढची बहीण वयात येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा होते, मग नराचे लक्ष नव्या मादीकडे वळते. घरात एकच आई शिरली असेल तर हे मीलन भावा-बहिणींचेच. आयुष्यभर पुरेल एवढे शुक्रधन मादी या बंद खोलीतच साठवून घेते. नराच्या तोंडाचे अवयव खाण्यापेक्षा शुक्र पोहोचविण्यासाठीच घडलेले असतात. त्याने बाहेरचे जग कधी पाहिलेले नसते आणि पाहतही नाही; दार उघडल्यावर तो आतच संपतो. आई आणि वयात आलेल्या मुली नवजात माशीच्या अंगावर बसून बाहेर पडतात. बाहेर पडलेली आई एक-दोन वेळा, कधी अधिक वेळाही, पुन्हा अशाच घरात शिरते.

हा कोळी माशीचे रक्तच पितो, असे अनेक वर्षे मानले गेले. २०१९ साली सॅम्युअल रॅम्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की मोठ्या माशीच्या अंगावर असताना त्याचा खरा घास म्हणजे माशीची मेदपेशी, जी माणसाच्या यकृतासारखी अनेक कामे सांभाळते. त्यामुळेच बाधित माशी वजनाने कमी भरते, लवकर मरते आणि रोगांना बळी पडते. जखमेतून विषाणूही शिरतात. पंख चुरगळलेल्या कागदासारखे होऊन माश्या पेटीसमोर सरपटू लागल्या की जाणता मधपाळ ओळखतो: हा पंख वेडेवाकडे करणारा विषाणू, आणि त्याचे वाहन व्हरोआ.

एवढे वाचून वाटेल की ज्या सातेरीच्या घरी हा मुळात राहतो, ती जात केव्हाच नष्ट व्हायला हवी होती. तसे झाले नाही. सातेरी आणि व्हरोआ यांचा संसार हजारो वर्षांचा आहे आणि तो एका अलिखित करारावर चालतो: कोळ्याने नरांच्या घरापुरते राहावे. सातेरीच्या कामकरी अळीच्या घरात व्हरोआ शिरला तर ती अळी लवकर खालावते, दाई माश्या ते ओळखतात, झाकण फोडतात आणि अळीसकट कोळ्याला बाहेर काढतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या त्यागाला व्यक्तीच्या बलिदानातून समाजाचे रक्षण असे स्वरूप दिले गेले. अळी चिवटपणे जगत राहिली असती तर कोळ्याचे कुटुंब वाढले असते. ती दुबळी आहे म्हणून वसाहत वाचते. नराच्या घरात वेगळीच युक्ती. सातेरीच्या नराच्या घराचे झाकण जाड असते आणि त्याच्या मध्यभागी एक बारीक छिद्र असते. एकाहून अधिक कोळ्यांनी पोखरलेला नर दुबळा होऊन ते झाकण फोडू शकत नाही, कामकरी माश्याही ते फोडत नाहीत, आणि नर व कोळी एकाच थडग्यात बंद होतात. शिवाय नर वर्षभर नसतातच. ते काही ऋतूंतच वाढविले जातात. त्यात भर म्हणजे सातेरी अंगावरचा कोळी झटकते, शेजारणीकडून काढवून घेते आणि जबड्यांनी चावते. १९८७ मध्ये चिनी संशोधकांनी हे तपशिलाने नोंदविले.

हा करार मोडला माणसाने. युरोपीय माशी, म्हणजे मेलिफेरा, अधिक मध देते, पेटी सोडून सहसा जात नाही, आणि म्हणून विसाव्या शतकात ती जगभर वाहून नेली गेली. रशियाच्या अतिपूर्वेकडे रेल्वेने तिच्या पेट्या पोहोचल्या आणि तिथल्या आशियाई माश्यांच्या शेजारी ठेवल्या गेल्या. जपानमध्येही दोन्ही जाती एकत्र आल्या. व्हरोआने घर बदलले. नवी यजमानीण बाधित अळीला ओळखण्यात कच्ची, झटकण्यात आळशी. आणि मुख्य म्हणजे तिच्या कामकरी अळ्यांच्या घरांत कोळ्याला सुखाने पिल्ले वाढविता येत होती. कामकरी घरे वर्षातील बहुतेक दिवस हजारोंनी उपलब्ध. नरांच्या घरापुरता मर्यादित असलेला व्यवसाय एकदम घाऊक झाला. १९८७ मध्ये व्हरोआ अमेरिकेत आढळला, १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये, २००० मध्ये न्यूझीलंडमध्ये. ऑस्ट्रेलिया सर्वांत शेवटी टिकून होते. जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदराजवळ तो सापडला, हजारो पेट्या नष्ट केल्या गेल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निर्मूलनाचा प्रयत्न सोडून द्यावा लागला. आज उपचार न केलेली मेलिफेराची वसाहत साधारण दोन-तीन वर्षांत कोसळते.

भारतातील कथा मात्र व्हरोआपासून सुरू होत नाही, आणि इथेच भेडाघाटच्या कड्यांकडे परत वळावे लागते.

भारतात मेलिफेरा रुजविण्याचे अनेक प्रयत्न फसल्यानंतर, १९६०च्या दशकाच्या प्रारंभी पंजाब कृषी विद्यापीठाचे डॉ. अटवाल आणि त्यांचे सहकारी यांनी कांगडा भागात नगरोटा बगवान येथे ती यशस्वीपणे स्थिरावली. पंजाबच्या मोहरीत तिने जम बसविला. परंतु थोड्याच वर्षांत वसाहती ढासळू लागल्या आणि १९७१ मध्ये अटवाल व गोयल यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यामागचा शत्रू समोर आला. तो व्हरोआ नव्हता. तो होता ट्रॉपिलीलॅप्स. आणि त्याचे मूळ घर म्हणजे आग्या मोहोळ. भारतातील आग्या मोहोळात तो असल्याची नोंद १९६८ मध्येच झालेली होती. या कुळाचे पहिले वर्णन १९६१ मध्ये फिलिपाइन्समधून आले. पुढे २००७ मध्ये अँडरसन व मॉर्गन यांनी जनुकांच्या आधारे त्याच्या चार जाती वेगळ्या केल्या, तेव्हा आशियाच्या मुख्य भूमीवरच्या जातीला ‘मर्सिडेसी’ असे नाव मिळाले. मोटारीशी त्याचा संबंध नाही. या कुळाचे वर्णन करणाऱ्या मर्सिडीज डेल्फिनाडो यांच्या सन्मानार्थ ते दिले आहे.

ट्रॉपिलीलॅप्स व्हरोआहून बारीक, लांबट आणि चपळ. झाकण उघडताच तो पोळ्यावरून असा पळतो की नवख्या डोळ्याला मुंगीचे पिल्लूच वाटावे. त्याची रीतही वेगळी. व्हरोआ एक जखम करून सगळे कुटुंब तिथे जेवू घालतो; हा अळी आणि कोषाला अनेक ठिकाणी टोचतो. झाकण बसल्यानंतर दोन दिवसांतच मादी अंडी घालू लागते, तीन-चार अंडी एकेका दिवसाच्या अंतराने, आणि आठवडाभरात पिढी तयार. बाहेर आलेली मादी फार काळ थांबत नाही. एक-दोन दिवसांत दुसऱ्या अळीच्या घरात. त्यामुळे दोन्ही कोळी एकाच पेटीत असतील तर ट्रॉपिलीलॅप्स व्हरोआच्या कितीतरी पुढे निघून जातो.

पण या घाईमागे एक लाचारी आहे. त्याच्या तोंडाचे अवयव फक्त अळीच्या आणि कोषाच्या मऊ त्वचेसाठी घडलेले आहेत. मोठ्या माशीचे कठीण कवच त्याला भेदता येत नाही. व्हरोआ माशीच्या अंगावर आठवडे, हिवाळ्यात महिने काढू शकतो; ट्रॉपिलीलॅप्स अळी नसलेल्या वसाहतीत दोन-तीन दिवसांत उपाशी मरतो.

आता आग्या मोहोळाचे जीवन आठवावे. फुलोरा संपला की ही माशी पोळे सोडते. निघण्यापूर्वी अळ्या वाढविणे थांबते. मेणाचा अर्धचंद्र कड्यावर रिकामा राहतो आणि त्यावर मेणपतंगाच्या अळ्या पोसल्या जातात. थवा टप्प्याटप्प्याने शंभर-दोनशे किलोमीटर दूर जातो, वाटेत झाडावर पोळे न बांधताच मुक्काम करतो. या काळात एकही अळी नाही, एकही बंद घर नाही. अंगावर बसून निघालेले बहुतेक कोळी वाटेतच गळून पडतात. सारेच मरत असते तर ही जात केव्हाच संपली असती; थोडे तगतात, नव्या ठिकाणी पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात आणि वसाहतीला सोसेल एवढेच वाढतात. माशी कोळ्याशी लढतेही, त्याला झटकते, चावते. तरी तिचे मोठे औषध म्हणजे हे स्थलांतरच. भेडाघाटच्या कड्यावरील रिकामे पोळे पाहून ‘माश्या पळाल्या’ असे कुणी म्हणते, तेव्हा खरे तर एक बिऱ्हाड दुसऱ्या बिऱ्हाडाला मागे सोडून गेलेले असते.

पेटीतील मेलिफेरा कुठेही जात नाही. मधपाळाला तेच हवे असते, आणि कोळ्यालाही. पेटीत बाराही महिने अळ्या, बाराही महिने बंद घरे. हिवाळ्यात जिथे कडाका असतो तिथे अळ्यांचा खंड पडतो, पण भारताच्या बहुतेक भागांत तोही पुरेसा नाही. आग्या मोहोळाच्या कोळ्याला पळणारी यजमानीण सोडून कायमचे घर मिळाले. २००४च्या सुमारास पंजाब-हरियाणात व्हरोआनेही मेलिफेराच्या पेट्यांवर मोठा हल्ला केला आणि दोन्ही शत्रू एकाच छताखाली आले.

यात मध्य प्रदेशाचा प्रश्न कुठे येतो? मुरैना-भिंडच्या मोहरीत पेट्यांची रांग दरवर्षी लागते. २०२०-२१ पासून केंद्राच्या मधमाशीपालन व मध अभियानामुळे पाचशे कोटी रुपयांची तरतूद झाली आणि जोडधंदा म्हणून पेट्या घेणाऱ्यांची संख्या वाढू लागली. पेट्या ट्रकने एका पिकातून दुसऱ्या पिकात जातात. आजूबाजूला आग्या मोहोळे आहेतच. एकाच फुलावर दोन्ही जातींच्या माश्या बसतात, दुबळ्या पेटीतला मध लुटायला शेजारणी येतात, आणि कोळी इकडून तिकडे जातो. हा प्रवाह एकतर्फी असेल असे मानण्याचे कारण नाही. मेलिफेराच्या पेट्यांत फोफावलेले कोळी आणि विषाणू कड्यांवरच्या माश्यांपर्यंत पोहोचले तर काय, याची चिंता पेटी विकणाऱ्याला नसते. ती नर्मदाखोऱ्यातील झाडांच्या, पिकांच्या आणि मध गोळा करणाऱ्या गोंड-बैगा कुटुंबांच्या वाट्याला येते.

मग मधपाळाने करावे काय? पहिला मोह औषधाचा. फ्लुव्हॅलिनेटसारख्या कीटकनाशकाच्या पट्ट्या पेटीत टांगल्या की काही हंगाम सुखाचे जातात. पुढे तिला न जुमानणारे कोळीच मागे उरतात, आणि पट्टीचा अंश मेणात मुरतो. युरोप-अमेरिकेने हा धडा महागात घेतला आहे. तोच पैसा खर्चून तो पुन्हा शिकण्यात शहाणपण नाही. फॉर्मिक आम्लाच्या वाफा बंद झाकणातूनही आत पोहोचतात, म्हणून ते दोन्ही कोळ्यांवर उपयोगी ठरते, परंतु उन्हाळ्याच्या तापमानात ते राणीलाही जाचू शकते. मे महिन्यातल्या जबलपुरात ते वापरणाऱ्याने थर्मामीटर जवळ ठेवावा. गंधकाची भुकटी चौकटींच्या वरच्या पट्ट्यांवर भुरभुरण्याचा उपाय पंजाबातील त्या पहिल्या उद्रेकाच्या वेळचाच. तो ट्रॉपिलीलॅप्सवर चालतो, पण प्रमाण सांभाळावे लागते.

याहून चांगली युक्ती कोळ्याच्या चरित्रातूनच निघते. ट्रॉपिलीलॅप्स उपाशी राहू शकत नाही, तर त्याला उपाशी ठेवावे. राणीला जाळीच्या लहान पिंजऱ्यात तीन आठवडे अडकविले की नवी अंडी थांबतात, जुनी घरे रिकामी होतात आणि वसाहतीत अळी शिल्लक राहत नाही. कोळ्यांचा बहुतांश वर्ग मरतो. आग्या माशी जे उडून साधते, ते पेटीतल्या माशीला बसल्या जागी साधून देण्याचा हा मार्ग. व्हरोआला ही उपासमार पुरत नाही. त्याच्यासाठी उलट सापळा लावतात. त्याची ओढ नरांच्या घराकडे अधिक, म्हणून पेटीत नरांच्या घरांचे पोळे द्यावे, झाकणे बसली की ते काढून नष्ट करावे. कोळ्याने स्वतःहून निवडलेले घर त्याच्याच मुळावर येते. मात्र तारखा चुकवून चालत नाही. दोन दिवस उशीर झाला तर त्याच पोळ्यातून कोळ्यांची फौज बाहेर पडते. आळशी मधपाळाने या वाटेला जाऊ नये.

आणि प्रश्न मुळाशी नेला तर असा आहे: बाहेरची माशी आणायचीच का? मध्य प्रदेशाच्या साल आणि सागाच्या रानात सातेरी आहे. मध कमी देते हे खरे, वारंवार पेटी सोडते हेही खरे. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूच्या साथीने दक्षिणेत तिच्या असंख्य वसाहती गेल्या, हेही विसरता येत नाही. पण व्हरोआशी तिची तडजोड झालेली आहे, औषधाविना ती जगते, आणि पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने १९६२ पासून तिला पेटीत सांभाळण्याची रीत शिकविली आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले, तेही मेलिफेराच्या नव्हे, सातेरीच्या बळावर. जोडधंद्यासाठी चार-दोन पेट्या घेणाऱ्या पालकाने एवढे लक्षात घेतले तरी पुष्कळ झाले. शंभर पेट्या ट्रकवर घालून मोहरीमागे धावणाऱ्याचे गणित वेगळे आहे. त्याला मेलिफेरा लागेल, आणि मग कोळ्याचा हिशेबही रोजच्या वहीत लिहावा लागेल.

हा हिशेब ठेवणे अवघड नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतही तो करता येतो. रुंद तोंडाच्या बरणीला जाळीचे झाकण बसवावे, पोळ्यावरून सुमारे तीनशे माश्या त्यात घ्याव्या, वर दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हलकेच फिरवावी, आणि दोन मिनिटांनी ती पांढऱ्या ताटावर उलटी करून झटकावी. साखर अंगावर बसली की कोळ्याच्या पायांची पकड सुटते. ताटात थोडे पाणी टाकले की साखर विरघळते आणि तांबूस ठिपके उरतात, ते मोजायचे. साखरेने पांढऱ्या झालेल्या माश्या पेटीत परत सोडल्या की त्यांच्या मैत्रिणी त्यांना चाटून स्वच्छ करतात. ट्रॉपिलीलॅप्ससाठी ही पद्धत पुरेशी नाही, कारण तो माशीवर फारसा थांबतच नाही. त्याला पाहायचे तर बंद घरेच उघडावी लागतात. शंभर घरांची झाकणे काट्याने उचलावी, कोष बाहेर घ्यावेत आणि भिंगातून भिंतीकडे, तळाकडे पाहावे. नव्याने मुलांना हे काम दिले की पहिली पाच मिनिटे त्यांना काही दिसत नाही. मग एकाला भिंतीवरची पांढरी रास दिसते, दुसऱ्याला पळणारा तांबडा ठिपका, आणि त्यानंतर वर्गातला आवाज आवरणे शिक्षकाला जड जाते.

युरोपात २०२४ मध्ये ट्रॉपिलीलॅप्स जॉर्जिया आणि दक्षिण रशियातून पुढे सरकत असल्याचे आढळल्यापासून तिथले मधपाळ धास्तावले आहेत. त्यांना हा शत्रू नवा आहे. नर्मदेकाठी तो जुना रहिवासी आहे. त्याच्याविषयी जगाला जे जाणून घ्यायचे आहे, त्यातला मोठा भाग अजूनही आग्या मोहोळांतच दडलेला आहे, आणि त्या मोहोळांत जवळून डोकावणे धोक्याचे असल्याने तिथे संशोधनही कमी झाले आहे. आग्या माश्यांच्या वसाहती महिनोन्‌महिने दूर राहून पुन्हा त्याच कपारीवर, त्याच फांदीवर परततात, हे आसाममधील वसाहतींच्या जनुकीय तपासणीने २००० साली सिद्ध झाले. मधल्या काळात जुन्या पिढीतील कामकरी माश्या मरून गेलेल्या असतात. तरीही तीच राणी, तीच जागा. भेडाघाटच्या कपारीखालचा पोळ्याचा जुना डाग दिसला, तर तिथे पुढच्या हंगामात कोण येईल याचा अंदाज नावाड्याला आधीच असतो. त्या माशीच्या अंगावर बसून कोण कोण परत येते, हे मात्र अजून मोजायचे आहे.